मिरजगावचा पंप आणि महावितरणचा ताळेबंद

मिरजगाव (ता. कर्जत), प्रतिनिधी — कार्तिक सरला की नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावच्या शिवारात दोनच गोष्टींची चर्चा असते. विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल आणि या आठवड्यात थ्री फेजची पाळी दिवसाची आहे की रात्रीची. कर्जत तालुका अवर्षणप्रवण. निमगाव गांगर्ड्याचे सीना धरण जवळ असले तरी पावसाने पाठ फिरवली की ते भरत नाही, आणि कुकडीच्या आवर्तनाचे पाणी शेपटाकडच्या या तालुक्यापर्यंत येताना पुष्कळ आटलेले असते. साहजिकच सारी भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन, बिबट्या आणि साप यांचे भय मनात ठेवून, माणसे दारे धरायला जातात. त्या रात्री पंपाने नेमकी किती वीज घेतली, हे मात्र अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. कारण पंपाला मीटर नसतो. असला तर तो बंद असतो आणि चालू असला तर त्याचे वाचन नियमित होत नाही.

ही गोष्ट गावापुरती राहिली असती तर तिचा येथे ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु याच न मोजलेल्या युनिटवर महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनीचा, म्हणजे महावितरणचा, ताळेबंद उभा आहे. एक लाख कोटी रुपयांच्या घरात उलाढाल आणि तीन कोटींच्या आसपास ग्राहक असलेली ही देशातील सर्वांत मोठ्या वितरण कंपन्यांपैकी एक. राज्याच्या वीज कंपन्यांचे समभाग भांडवली बाजारात आणण्याचा मनोदय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. त्यामुळे आजवर केवळ आयोगाच्या सुनावण्यांत आणि विधिमंडळात विचारला जाणारा प्रश्न उद्या गुंतवणूकदारही विचारणार आहे. ही कंपनी विकते किती, गमावते किती आणि तिचे पैसे देतो कोण?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण, वितरण आणि सूत्रधारी अशा चार कंपन्या झाल्या. वाटणीत महावितरणच्या वाट्याला ग्राहक आले आणि ग्राहकांबरोबर थकबाकीही आली. दाभोळच्या महागड्या विजेचे प्रकरण २००१ मध्येच हाताबाहेर गेले होते. नव्या निर्मितीत त्यानंतर पडलेल्या खंडाचे फळ म्हणून ग्रामीण भागाने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. २०१२ च्या अखेरीस राज्याचा मोठा भाग भारनियमनमुक्त झाला, तोही वसुली आणि गळती पाहून फीडरची प्रतवारी करूनच. तुटवड्याचे ते पर्व बऱ्याच अंशी संपले आहे. हिशेबाचे मात्र संपलेले नाही.

तीन हजार नऊशे कोटी युनिट

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने काढलेल्या शासन निर्णयानुसार महावितरणचे कृषिपंप ग्राहक ४७ लाख ४१ हजार आहेत. ग्राहकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे १६ टक्के, तर विजेच्या वापरात सुमारे ३० टक्के. वर्षाचा वापर सुमारे ३,९०० कोटी युनिट. या आकड्यांचा साधा भागाकार केला तर पंपामागे वर्षाला सव्वाआठ हजार युनिट येतात.

आता पाच अश्वशक्तीचा पंप घेतला तर तो तासाला पावणेचार युनिट, म्हणजे आठ तासांच्या पाळीत तीस युनिट घेतो. सव्वाआठ हजार युनिट व्हायला तो वर्षातून पावणेतीनशे दिवस, रोज पूर्ण आठ तास चालावा लागेल. मोटार जुनी, वारंवार रिवाइंडिंग केलेली आणि म्हणून जास्त वीज खाणारी आहे असे धरले, तरी दोनशेच्या वर दिवस भरतात. पावसाळ्याचे चार महिने वगळले की उरतात अवघे दोनशे चाळीस. कर्जत तालुक्यातील कित्येक विहिरी फेब्रुवारीत तळ गाठतात. तेथला पंप शंभर-सव्वाशे दिवस चालला तरी पुष्कळ झाले. हे खरे की राज्यात साडेसात आणि दहा अश्वशक्तीचे पंप आहेत, उपसा योजनांचे त्याहून मोठे पंप आहेत आणि बारमाही ऊस असलेल्या पट्ट्यात वापर अधिक असतो. तथापि या सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे कठीण आहे.

वीजग्राहक संघटनांचा जुना आक्षेप नेमका हाच आहे. शेतीचा वापर फुगवून दाखवला की गळती आपोआप कमी दिसते. कारण जी वीज कोणाच्याही मीटरवर नोंदली गेली नाही, ती शेतीच्या नावावर टाकता येते. हा आक्षेप निव्वळ संशय म्हणून सोडून देता येत नाही. विद्युत मंडळाची गळती अठरा टक्क्यांच्या आत असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये अस्तित्वात आला आणि २००० च्या पहिल्याच दरनिश्चितीत, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकड्यांचा पिच्छा पुरवल्यावर, ती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे उघड झाले. एका रात्रीत चोरी वाढली नव्हती. शेतीच्या रकान्यातील युनिट गळतीच्या रकान्यात गेले एवढेच. त्यानंतर महावितरणने गळती निश्चितच कमी केली. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे केले, शहरांत मीटर बदलले, चोरीविरोधी मोहिमा राबवल्या. या कामाचे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण २०२० च्या दरनिश्चितीच्या वेळी शेतीच्या वापराचा अंदाज पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो जास्त धरला जात असल्याचेच दिसून आले. वीस वर्षांत दोनदा एकाच ठिकाणी बोट ठेवले गेले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा आकड्यांचा वाद म्हणजे थकबाकीचा वाद. पाणी आटल्यावर बंद पडलेल्या पंपालाही अश्वशक्तीप्रमाणे बिल येत राहिले; त्यावर व्याज चढले. शेतकऱ्याने ते खोटे मानून भरले नाही आणि कंपनीने ते येणे म्हणून पुस्तकात ठेवले. डिसेंबर २०२० च्या कृषिपंप वीजजोडणी धोरणाने सुधारित थकबाकीच्या निम्म्या रकमेची सवलत दिली, वसुलीतील ३३ टक्के गावातील आणि ३३ टक्के जिल्ह्यातील वीजसुविधांवर खर्च करण्याची तरतूद केली. कल्पना चांगली होती. प्रतिसाद मर्यादित राहिला आणि कृषी थकबाकीचा डोंगर हजारो कोटींतच राहिला. ताळेबंदात ‘येणे’ म्हणून दिसणारी ही रक्कम कधी वसूल होईल असे कंपनीतील जाणकारही मानत नसावेत.

मोफत विजेचे दोन अंक

शेतीला मोफत वीज देण्याचा निर्णय महाराष्ट्राला नवा नाही. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने तो घेतला. निवडणूक आटोपली आणि वर्षभरात, विलासराव देशमुख यांच्या कारकीर्दीत, तो मागे घेतला गेला. वीस वर्षांनी, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या ४४ लाख ३ हजार पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या पाच वर्षांसाठी बिल नाही. पूर्वीचे ६,९८५ कोटींचे अनुदान आणि नव्याने ७,७७५ कोटी, असे वर्षाला १४,७६० कोटी रुपये सरकार महावितरणला देणार.

गुंतवणूकदाराच्या नजरेतून पाहिले तर ही योजना वाईट नाही, हे आश्चर्य वाटले तरी खरे आहे. बिल न भरणाऱ्या ४४ लाख ग्राहकांच्या जागी एकच ग्राहक आला आणि तो म्हणजे राज्य सरकार. पंपामागे वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये त्याने द्यायचे. मंत्रालयाच्या दारात वसुलीसाठी वायरमन पाठवावा लागत नाही. मात्र हा ग्राहक पैसे वेळेवर देईल काय, हा प्रश्न उरतोच. राज्याच्या तिजोरीवर इतर कल्याणकारी योजनांचा भार २०२४ नंतर किती वाढला आहे, हे जगजाहीर आहे. अनुदान थकले की महावितरण महानिर्मितीचे देणे थकवते, महानिर्मिती कोळशाचे थकवते आणि प्रत्येक टप्प्यावर व्याजाचा मीटर फिरत राहतो. तो मीटर मात्र कधी बंद पडत नाही.

खुद्द नगर जिल्ह्याने या साखळीचा शेवट पाहिलेला आहे. मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था श्रीरामपूर, राहुरी, राहाता आदी भागांत सुमारे चार दशके वीज वितरण करीत होती. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सवलतीच्या दराने शेतीला द्यायची. सहकारातील हा प्रयोग एकेकाळी देशात नावाजला गेला. पण शेतीचे बिल वसूल होईना, अनुदानाचे वाद मिटेनात आणि महावितरणचे देणे दोन हजार कोटींच्या पुढे गेले. अखेर २०११ च्या आरंभी संस्थेचा परवाना संपला आणि तेथील वितरण महावितरणकडे गेले. मुळा-प्रवराचे ओझे उचलायला महावितरण होती. महावितरणचे ओझे उचलायला राज्य सरकारखेरीज कोणी नाही.

सूर्याचा आधार

आशेला खरोखर जागा आहे ती सौर कृषी वाहिनी योजनेत. शेतीच्या फीडरला जवळच्याच सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यायची, ही कल्पना २०१७ मध्ये पुढे आली. तिच्या पथदर्शी प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचा. २०२३ मधील दुसऱ्या टप्प्याने तिला मोठे रूप दिले आणि एकूण उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत नेण्यात आले. उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या परिघात प्रकल्प, जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू ज्वारीवर आणि तुरीवर जगणाऱ्या कर्जत-जामखेडच्या पट्ट्यात एकरी पन्नास हजारांचे निश्चित उत्पन्न ही लहान बाब नव्हे.

कंपनीसाठी महत्त्वाचे ते वेगळेच. ही वीज युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते. महावितरणचा वीज पुरवण्याचा सरासरी खर्च सर्व बाबी धरून नऊ रुपयांच्या वर गेला आहे. सरकारचे १४,७६० कोटी शेतीच्या युनिटांवर पसरले तर ढोबळमानाने युनिटमागे चार रुपयांच्या आसपास येतात. आजवर हा चार आणि नऊ यांमधला फरक उद्योगांनी आणि व्यापाऱ्यांनी जादा दराने भरून काढला. शेतीची वीज गावातच तीन रुपयांत तयार झाली, लांबच्या पारेषणाचा खर्च आणि तोटा वाचला, तर तो फरक बराच आटतो. महावितरणच्या भवितव्याविषयी आशावादी असणाऱ्यांचा सारा युक्तिवाद या दोन ओळींत आहे आणि तो निराधार नाही.

पण येथेही तो न मोजलेला युनिट आडवा येतो. एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट देतो. १६ हजार मेगावॉट म्हणजे सुमारे २,६०० कोटी युनिट; कागदावरील शेतीच्या वापराच्या दोन तृतीयांश. हा वापर मुळातच फुगवलेला असेल, तर तेवढ्या विजेचे करायचे काय? पावसाळ्यात पंप बंद असतात, सूर्य ढगांआडून का होईना तळपतोच. करार पंचवीस वर्षांचे आहेत. जून ते सप्टेंबरमधील ही वीज उद्योगांना आणि घरांना वळवता आली तर ठीक. न आल्यास स्वस्त वीजही महाग पडते. ब्राझीलच्या ईशान्य भागात ऑगस्ट २०२३ मधील देशव्यापी वीजखंडानंतर पवन आणि सौर प्रकल्पांना वारंवार निर्मिती कमी करण्यास सांगावे लागले, ते वीज वाहून नेण्याची मर्यादा आणि दुपारचा अतिरिक्त पुरवठा यांमुळेच.

उद्योगांचाही संयम आता सुटू लागला आहे. ज्यांच्या जादा दरावर ही सारी इमारत उभी, ते मुक्त प्रवेशाने बाहेरून वीज घेऊ लागले, छतावर सौर तावदाने बसवू लागले. मार्च २०२५ मध्ये आयोगाने पाच वर्षांचा दरनिर्णय दिला आणि दर खाली आणले. महावितरणने हा निर्णय कंपनीला परवडणारा नाही म्हणून धाव घेतली. आयोगाने काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली आणि २५ जून २०२५ रोजी फेरविचाराचा नवा आदेश काढला. पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के दरकपात होईल, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेव्हा सांगितले. फेरविचार लोकसुनावणी न घेता झाला, अशी तक्रार करीत उद्योग आणि सौर क्षेत्रातील मंडळींनी न्यायालयाची पायरी चढली. दर कमी झाले की ग्राहक आनंदतो. परंतु ज्या आयोगाचा पाच वर्षांचा निर्णय पाच दिवस टिकत नाही, त्याच्या भरवशावर पंधरा-वीस वर्षांचे भांडवल गुंतवायला कोण धजावेल?

या बाबतीत ब्राझीलच्या एलेत्रोब्राझ या कंपनीची कथा जाणून घेण्यासारखी आहे. लॅटिन अमेरिकेतील ही सर्वांत मोठी वीज कंपनी सरकारी मालकीची होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांनी विजेचे दर सरासरी २० टक्क्यांनी उतरवण्याची घोषणा केली. जुन्या धरणांची किंमत वसूल झाली आहे, तेव्हा त्यांची वीज स्वस्त द्या, असा युक्तिवाद होता. ऐकायला तो रास्तही होता. पुढच्या दोन वर्षांत पावसाने दगा दिला, महाग औष्णिक वीज घ्यावी लागली आणि २०१५ मध्ये घरगुती दर पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढले. एलेत्रोब्राझ २०१२ पासून सलग चार वर्षे तोट्यात गेली. पुढे तिचे खासगीकरण ठरले, तेव्हा आधी तिच्या गळ्यातील उत्तर आणि ईशान्येकडील सहा वितरण कंपन्या २०१८ मध्ये जवळजवळ फुकटात विकल्या गेल्या आणि त्यांच्या कर्जाचा मोठा भाग मूळ कंपनीने म्हणजे पर्यायाने जनतेने उचलला. त्यानंतरच जून २०२२ मध्ये नव्या समभागांद्वारे सरकारचा वाटा निम्म्याखाली आला. २०२५ मध्ये ‘ॲक्सिया’ असे नवे नाव घेतलेल्या या कंपनीकडे गुंतवणूकदार आता वेगळ्या नजरेने पाहतात. तिच्याकडे जलविद्युत केंद्रे आणि पारेषण वाहिन्या आहेत. वीजचोरीचे आणि वसुलीचे डोके ती चालवत नाही.

महाराष्ट्रातही शेतीचा वीजपुरवठा वेगळा काढण्याचा विचार दीर्घकाळ घोळत आहे आणि सौर कृषी विजेसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापनही झाली. शेतीचे ओझे उतरवलेली महावितरण बाजारात चांगला भाव मिळवील, यात शंका नाही. शंका आहे ती वेगळ्या काढलेल्या भागाविषयी. ब्राझीलमधील त्या सहा कंपन्यांना निदान गिऱ्हाईक मिळाले. येथील अनुभव काय सांगतो? २००७ मध्ये भिवंडी टोरंटकडे गेली आणि गळती कमी झाली. २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद आणि जळगावचे वितरण खासगी फ्रँचायझींना दिले गेले. औरंगाबादचा प्रयोग २०१४ मध्ये, जळगावचा २०१५ मध्ये आणि नागपूरचा २०१९ मध्ये गुंडाळला गेला. २०२० मध्ये मालेगाव आणि मुंब्रा-कळवा दिले गेले. ही सगळी शहरे आहेत. शेतीचा फीडर मागायला कोणी आल्याचे ऐकिवात नाही. जानेवारी २०२३ मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात कर्मचारी संपावर गेले, त्यामागची भीतीही हीच होती: मलई जाईल आणि ताक उरेल.

तूर्त गुंतवणुकीचा मोठा ओघ केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण योजनेतून येत आहे. महावितरणसाठी तिच्यात ३९,६०२ कोटींची कामे मंजूर झाली. अनुदानाला अट आहे. गळती कमी व्हावी आणि राज्याने अनुदानाचे पैसे वेळेवर द्यावेत. त्यातील स्मार्ट मीटरचा प्रश्न शहरांत गाजला. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे सरकारला जून २०२४ मध्ये सांगावे लागले. या गदारोळात एक बाब दुर्लक्षित राहिली. ज्या ग्राहकाच्या वापराविषयी पाव शतक वाद आहे, तो कृषिपंपधारक स्मार्ट मीटरच्या योजनेतून वगळलेला आहे. त्याच्यापर्यंत मोजमाप पोहोचेल ते फीडरवर आणि रोहित्रावर बसणाऱ्या मीटरमधून, तेवढेच.

मिरजगावच्या शिवारात या सगळ्याचा अर्थ साधा आहे. दिवसा वीज मिळाली तर रात्रीची दारे टळतील, ऑटो स्विचमुळे एकदम सुरू होणाऱ्या पंपांनी डीपी जळण्याचे प्रकार कमी होतील. बिलावरील देय रक्कम मार्च २०२९ पर्यंत शून्य राहील. त्यानंतर काय, याचे उत्तर कंपनीच्या हाती नाही. दरम्यान, समभाग विक्रीचे माहितीपत्रक कधी निघालेच, तर देय रकमेच्या वर असलेल्या युनिटच्या रकान्यात काय छापले आहे आणि गावच्या डीपीवरील मीटर काय दाखवतो, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी असतील की नाही, तेवढे पाहायचे आहे.